रस्ता हलवला, टॅव्हर्न राहिलं: स्टेजकोचच्या काळातली उतारगृहं आणि ती जपायची तरी कशी?

मैलाचादगड

बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या मंडळींना सडबरीचं 'वेसाइड इन' हे जुनं टॅव्हर्न, म्हणजे खाण्यापिण्याची सोय असलेलं उतारगृह, सांगायला नकोच. भारतातून आईवडील आले की त्यांना दाखवायच्या ठिकाणांत ते हमखास असतं. दगडी पाणचक्की, लाल रंगाची चिमुकली शाळा, पांढरं चॅपेल, चार फोटो आणि परत. या आवारातली सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट मात्र कुठल्याच फोटोत येत नाही, कारण ती तिथून हलवली आहे. ती म्हणजे रस्ता.

आधी थोडा इतिहास. १७१६ साली डेव्हिड हाउ नावाच्या माणसाने आपल्या घरात उतारू ठेवायचा परवाना काढला. घर म्हणजे काय, खाली एक खोली, वर एक खोली. पण जागा मोक्याची. बॉस्टन ते न्यूयॉर्क टपालाचा रस्ता दारावरून जायचा. या दोन गावांमध्ये घोडेस्वार टपाल नेऊ लागला १६७३ मध्ये. तेव्हा तो रस्ता कसला, झाडांवर खुणा केलेली पायवाटच होती. पुढे वर्दळ वाढली तसं हाउंचं घरही मागे, बाजूला, वर असं वाढत गेलं. शेवटी नाचाचं दालनसुद्धा झालं.

स्टेजकोचचा, म्हणजे टप्प्याटप्प्याने घोडे बदलत जाणाऱ्या प्रवासी घोडागाडीचा, खरा जमाना अमेरिकन क्रांतीनंतरचा. १७८३ साली लेव्हाय पीझ या लोहाराने बॉस्टन ते हार्टफर्ड नियमित गाडी सुरू केली. वेळापत्रक ऐका: सोमवारी सकाळी सहाला बॉस्टन सोडायचं, रात्री नॉर्थबरो. मंगळवारची रात्र ब्रुकफील्ड, बुधवारची सॉमर्स, गुरुवारी हार्टफर्ड. आज ज्या अंतराला दोन तासही लागत नाहीत, त्याला चार दिवस आणि तीन टॅव्हर्न. सुरुवातीच्या गाड्या म्हणजे छप्पर घातलेली बाकडी. पाठ टेकायला काही नाही, चढायचं पुढून, म्हणजे मागच्या बाकावरच्याने पुढच्यांना ओलांडत जायचं. जोशाया क्विन्सी यांनी त्या प्रवासाचं वर्णन करून ठेवलंय. घोड्यांचा साज बराचसा दोरखंडाचा, एका जोडीने अठरा मैल ओढायचं, रात्री दहाला मुक्कामी पोचायचं आणि पहाटे तीनला उठायचं.

त्यामुळे टॅव्हर्न म्हणजे नुसता गुत्ता नव्हे. तिथे घोडे बदलायचे, तिथेच टपाल उतरायचं, बॉस्टनचं वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं जायचं, लिलाव व्हायचे, कधी कोर्टही भरायचं. मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेने तर १६५६ मध्येच ठरवून टाकलं होतं की ज्या गावात उतारूंची सोय नाही त्या गावाला दंड.

मग रेल्वे आली. बॉस्टन-वूस्टर लोहमार्ग १८३५ मध्ये सुरू झाला, तोही फ्रेमिंगहॅमवरून, सडबरीला बगल देऊन. दारावरची वर्दळ थंडावली. हाउ घराण्यातला शेवटचा मालक लायमन १८६१ मध्ये वारला आणि टॅव्हर्न बंद पडलं. पुढच्याच वर्षी कवी लाँगफेलो तिथे येऊन गेला आणि १८६३ मध्ये त्याने या जागेला धरून कथाकाव्यांचा संग्रह काढला. 'वेसाइड इन' हे नाव त्याचंच, आणि घर वाचलं तेही त्या नावावर. १८९७ मध्ये एडवर्ड लेमन या शौकीन माणसाने ते विकत घेऊन पुन्हा चालू केलं, आणि १९२३ मध्ये ते आलं हेन्री फोर्डच्या हाती.

फोर्डने नुसती इमारत घेतली नाही, भोवतालची हजारो एकर जमीनही घेतली. दुसऱ्या गावातून जुनी शाळा उचलून आणली, १९२९ मध्ये पाणचक्की बांधली, १९४० मध्ये चॅपेल. आणि समोरच्या रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारींच्या हादऱ्यांनी घर खिळखिळं होईल म्हणून स्वतःच्या पैशाने हमरस्ता वळवून दूर नेला. ज्याने घरोघर मोटार पोचवली त्यानेच!

माझं मत सांगतो, मग तुम्ही तुटून पडा. रस्त्यासाठी जन्मलेली इमारत रस्ता काढून घेऊन वाचवली, तर इमारत वाचते पण टॅव्हर्न वाचत नाही. मग नक्की काय जपायचं? भिंती, की धंदा, की रस्त्याशी असलेलं नातं?

नुसतीच_वाचक

मस्त धागा. कोणी डाकबंगले आणि धर्मशाळांकडे गाडी वळवायच्या आत विचारून घेते: तिथे लोक खायचे-प्यायचे काय? आणि झोपायचे कुठे?

मैलाचादगड

@नुसतीच_वाचक, झोपण्याचं विचारू नका. खाट अख्खी मिळेल याची खात्री नाही, अनोळखी माणसाशेजारी झोपावं लागायचं. सेरा केंबल नाइट ही बाई १७०४ मध्ये बॉस्टनहून न्यूयॉर्कला घोड्यावरून गेली, तेव्हा स्टेजकोच नव्हतेच. तिची रोजनिशी पुढे १८२५ मध्ये छापली गेली. एका मुक्कामी शेजारच्या स्वयंपाकघरात गावातले दारुडे 'नॅरगॅन्सेट' या आपल्या मुलखाच्या नावाचा अर्थ काय यावर रात्रभर वाद घालत बसले. बाईंना झोप लागेना, तेव्हा त्यांनी मेणबत्ती लावून रमलाच उद्देशून कविता लिहिली: बाई गं, यांना एकदाची झोपव.

पिण्याचं म्हणाल तर 'फ्लिप' हे खास. मोठ्या मगात बिअर, त्यात काकवी किंवा साखर, वर रम. मग चुलीत लालबुंद केलेली लोखंडी सळई त्यात बुडवायची. ताकात फोडणीची तापलेली पळी बुडवल्यावर होतं तसं चुर्र होऊन सगळं फसफसून वर येतं आणि साखर जळल्याचा कडवट वास सुटतो. दारूचा कोपरा म्हणजे लाकडी गजांचा पिंजरा. मालक झोपायला गेला की वरची जाळी खाली सोडून कुलूप.

खडूस_तात्या

धागा चांगला आहे, पण वेसाइड इनचं कौतुक अति होतंय. फोर्डने तिथे जे केलं त्याला जतन म्हणत नाहीत, नाटकाचा सेट म्हणतात. शाळा तिथली नाही, गिरणी जुनी नाही, चॅपेल नवं. त्यात डिसेंबर १९५५ मध्ये मोठी आग लागली आणि इमारतीचा बराच भाग गेला. फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून डागडुजी होऊन १९५८ मध्ये दारं उघडली. म्हणजे '१७१६' अशी पाटी मिरवताना थोडा संकोच हवा की नाही?

आणि या भागात प्रत्येक दुसऱ्या टॅव्हर्नात 'जॉर्ज वॉशिंग्टन इथे झोपले होते'. हे मात्र थोडंफार खरं आहे. १७८९ च्या न्यू इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ठरवून लोकांच्या घरी न उतरता सार्वजनिक टॅव्हर्नांत मुक्काम केले. परतीच्या वाटेवर कनेटिकटमधल्या अ‍ॅशफर्डला रविवार आला. तिथे रविवारी प्रवास करणं कायद्याविरुद्ध, म्हणून राष्ट्राध्यक्ष दिवसभर पर्किन्सच्या टॅव्हर्नात अडकले. डायरीत काय लिहावं? टॅव्हर्न काही चांगलं नाही! ती पाटी कोणी लावत नाही बघा.

वेस्टनकर

तात्यांना अर्धं अनुमोदन. सेट नको असेल तर सडबरीहून बॉस्टनच्या बाजूला या, वेस्टनमध्ये. त्याच जुन्या रस्त्यावर 'गोल्डन बॉल टॅव्हर्न' आहे. आयझॅक जोन्सने १७६८ मध्ये घर बांधलं आणि काही वर्षं टॅव्हर्न चालवलं. गडी इंग्लंडच्या राजाच्या बाजूचा, म्हणून १७७४ मध्ये गावकऱ्यांच्या जमावाने घुसून नासधूस केली. पुढे टॅव्हर्न बंद झालं, पण त्याच घराण्याच्या पिढ्या विसाव्या शतकापर्यंत तिथे राहत होत्या.

ट्रस्टच्या हाती घर आलं तेव्हा त्यांनी ते खरवडून १७७० सालात नेऊन ठेवलं नाही. भिंतीवर एका ठिकाणी वॉलपेपरचे थर एकाखाली एक उघडे ठेवलेत. वरचा व्हिक्टोरियन, त्याखाली आणखी जुना, त्याखाली रंग, त्याखाली फळी. एका चुलाण्यात नंतरच्या काळात छोटी शेगडी बसवली, तर ती तशीच. मार्गदर्शक बाईंनी टॉर्च तिरपा धरून रंगाखालचे रंध्याचे ओरखडे दाखवले. टॅव्हर्न म्हणून ते घर थोडीच वर्षं जगलं, घर म्हणून दोनशेच्या आसपास. मग फक्त टॅव्हर्नचीच वर्षं दाखवणं हीसुद्धा एक प्रकारची खोडाखोडच नाही का?

थेम्सकाठची_मावशी

मैलाचादगड, तुझ्या फोर्डला आमच्याकडे जोड आहे रे. लंडनच्या सदकमधलं 'जॉर्ज इन'. १६७६ च्या आगीनंतर लगेच पुढच्या वर्षी पुन्हा उभारलेलं. मध्ये फरसबंद चौक, तिन्ही बाजूंनी लाकडी सज्जे, चौकात केंटकडे जाणाऱ्या गाड्या लागायच्या. इंग्लंडात टपालाची घोडागाडी पहिल्यांदा धावली ऑगस्ट १७८४ मध्ये, ब्रिस्टल ते लंडन, आणि पुढची पन्नासएक वर्षं अशा चौकांची चांदी होती.

मग रेल्वे आली. धंदा तर बुडवलाच, वर ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने ही जागा गोदामासाठी घेतली आणि १८८९ मध्ये दोन बाजू पाडून टाकल्या. आज फक्त दक्षिणेची बाजू उरलीय. आणि १९३७ मध्ये ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला दान कोणी केली? त्याच रेल्वेच्या वारसदार कंपनीने. मारणाऱ्यानेच तेराव्याचं जेवण घातलं म्हण!

पण एक गोष्ट त्यांनी बरी केली. ट्रस्टने तिथे दोऱ्या बांधून संग्रहालय केलं नाही, पब भाड्याने चालवायला दिला. संध्याकाळी ऑफिस सुटलेली माणसं चौकात ग्लास घेऊन उभी असतात. जमीन वाकडी आहे, वरच्या मजल्यावर टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सारावा लागतो. रस्ता गेला तरी गिऱ्हाईक राहिलं, मला तेवढं पुरतं.

घोडदौड_७८

इंजिनियर असल्याने गाडीवर लिहिल्याशिवाय राहवत नाही. पीझच्या बाकड्यांची गाडी आणि नंतरची 'कॉन्कर्ड कोच' यांत जमीन-अस्मानाचा फरक. न्यू हॅम्पशरमधल्या कॉन्कर्ड गावी डाउनिंग आणि अ‍ॅबट या जोडीने १८२७ मध्ये पहिली बनवली. पोलादी स्प्रिंगा नाहीत. टनभर वजनाचं अंडाकार धूड बैलाच्या कातड्याच्या एकावर एक रचलेल्या पट्ट्यांवर टांगलेलं. त्यामुळे खड्ड्यात आदळण्याऐवजी ते पुढेमागे डोलतं. उतारूंना समुद्र लागल्यासारखं व्हायचं, पण घोड्यांच्या पाठीवरचा झटका वाचायचा, आणि खरा उद्देश तोच होता.

आत नऊ जण. पुढे तीन, मागे तीन आणि मधल्या बाकावर तीन. मधल्यांना पाठ टेकायला एक आडवा चामडी पट्टा, बस्स. समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांत अडकवून बसायचं.

पोटोमॅकचा_पाहुणा

व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाचं 'गॅड्सबीज टॅव्हर्न' कसं राहिलं? दोन इमारती, एक १७८५ ची आणि शेजारचं सिटी हॉटेल १७९२ चं. वॉशिंग्टन यांच्या वाढदिवसाचा नाच १७९८ आणि १७९९ मध्ये त्या हॉटेलच्या दालनात झाला. दोन्हींना स्वतः हजर होते.

पुढे दिवस फिरले आणि १९१७ मध्ये त्या दालनाचं लाकूडकाम न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने विकत घेतलं. भिंतींचं पॅनेलिंग, चौकटी, वादकांचा अधांतरी सज्जा, सगळं सोडवून नेलं. आजही ते म्युझियमच्या अमेरिकन विभागात उभं आहे. १९२९ मध्ये माजी सैनिकांच्या संघटनेने इमारत विकत घेतली म्हणून ती वाचली. नंतर शहराकडे आली आणि १९७६ मध्ये संग्रहालय म्हणून उघडली. दालनात आता हुबेहूब केलेलं लाकूडकाम आहे. म्हणजे अस्सल खोली परक्या गावात आणि नक्कल अस्सल जागी!

धाग्यात अजून न आलेली एक गोष्ट. ही टॅव्हर्नं चालायची कोणाच्या कष्टांवर? जॉन गॅड्सबीकडे गुलाम होते. पहाटे तीनला उतारूंसाठी चूल पेटवणारे, घोडे चोळणारे, चादरी धुणारे तेच. गाइड हल्ली हे सांगतात, पूर्वी फक्त नाच आणि मेणबत्त्या असायच्या. जमिनीखालचा बर्फाचा खड्डाही पाहण्यासारखा आहे. आणि तो हिवाळ्यात बर्फाने भरायला खाली कोण उतरत असेल, याचाही विचार करा.

खडूस_तात्या

@पोटोमॅकचा_पाहुणा, हा प्रतिसाद आवडला. दालनाचा किस्सा माझाच मुद्दा सिद्ध करतो, एकदा सेट करायला लागलं की अस्सल काय आणि नक्कल काय याचा ताळमेळ राहत नाही.

संत्रीवाला_कॅलिफोर्नियाकर

मग तात्या, आमच्या इथलं ऐकून तुम्हाला चक्कर येईल. लॉस एंजलिस ते सांता बार्बरा रस्त्यावर न्यूबरी पार्कला १८७६ चं 'ग्रँड युनियन हॉटेल' होतं, आता नाव 'स्टेजकोच इन'. १९६५ मध्ये फ्रीवे रुंद होणार म्हणून गावकऱ्यांनी अख्खी इमारत उचलून दुसरीकडे नेली. एवढा खटाटोप केला आणि १९७० मध्ये ती जळाली. लोकांनी जुने फोटो आणि मोजमापं घेऊन पुन्हा उभारली, १९७६ मध्ये उघडली.

म्हणजे जागा मूळची नाही आणि लाकूडही मूळचं नाही. तरी आमच्या मुलांच्या शाळेची सहल तिथेच जाते आणि पोरांना स्टेजकोच म्हणजे काय ते तिथेच कळतं. मुळातली एकही फळी नसली तरी ते जपण्यासाठी गाव दोनदा एकत्र आलं. त्याला तुम्ही काय नाव देणार?

खडूस_तात्या

सार्वजनिक उत्साह असं नाव देईन. वाईट नाही, पण जतन नाही. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गचं रॅली टॅव्हर्नही असंच, १८५९ मध्ये जळालं आणि १९३२ मध्ये पायावरून नवं बांधलं. निदान ते पाटीवर 'पुनर्बांधणी' असं स्पष्ट सांगतात.

नुसतीच_वाचक

तात्या, पाटी खरी असली की तुमचं समाधान होतं का? मग वाद पाटीचा आहे, इमारतीचा नाही.

मैलाचादगड

सगळं वाचून माझं मत थोडं धारदार झालंय. जॉर्ज इन आणि वेसाइड इन दोन्हींमध्ये आजही बाहेरचं माणूस येतं, जेवतं, पैसे देतं. वेसाइड इन आता ना-नफा तत्त्वावर चालतं, थोड्या खोल्या आहेत, नाताळात टेबल मिळता मिळत नाही. धंदा चालू असला की छप्पर गळलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्त होतं. कुलूपबंद संग्रहालयात पुढच्या निधीची वाट पाहावी लागते. वेस्टनच्या थरांना माझा दंडवत, पण तसं जपायला वर्षानुवर्षं फुकट राबणारी माणसं लागतात. फोर्डवरचा माझा राग मात्र कायम आहे, रस्ता हलवायला नको होता. त्यावरून ट्रक गेले असते, घर हादरलं असतं, पण ते कशासाठी उभं होतं हे सांगावं लागलं नसतं.

समितीतली_काकू

मी इथल्या एका गावाच्या ऐतिहासिक समितीवर आहे (गाव सांगत नाही, सगळे ओळखतात). मत कुणाचंही असो, कायद्याने हातात काय आहे ते बघा.

ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत (नॅशनल रजिस्टर) नाव असलं म्हणजे इमारत सुरक्षित, असं लोकांना वाटतं. तसं अजिबात नाही. १९६६ च्या कायद्याने ही नोंदवही आली, पण मालक स्वतःच्या पैशाने पाडत असेल तर ती त्याला अडवत नाही. अडवतो तो गावाचा स्थानिक ऐतिहासिक विभाग, म्हणजे गावाने ठरवलेला संरक्षित भाग. मॅसॅच्युसेट्समध्ये त्याचा राज्यभर लागू होणारा कायदा १९६० चा. पण त्याचीही गोम अशी की सार्वजनिक रस्त्यावरून जे दिसतं त्याच्यावरच समितीचा अधिकार. खिडकीची चौकट बदलायला परवानगी लागते, आतला दारूचा पिंजरा करवतीने कापून टाकला तरी आम्ही बघत बसायचं. आणि टॅव्हर्नमध्ये मोलाचं असतं ते तर आतच! आतलं वाचवायचं असेल तर मालकाने खुशीने दस्तऐवजात निर्बंध लिहून द्यावा लागतो, तो पुढच्या मालकांनाही बांधील राहतो.

विभागाबाहेरच्या घरांसाठी अनेक गावांत 'पाडकाम विलंबा'चा नियम आहे. सहा महिने, वर्ष, कुठे दीड वर्ष. नावातच आलं, विलंब, मनाई नव्हे. मुदत संपेपर्यंत दुसरा मार्ग निघाला तर ठीक, नाहीतर बुलडोझर.

श्रूसबरीचा_शेजारी

काकू, बरं झालं तुम्ही आलात, मला हेच विचारायचं होतं. इथे श्रूसबरी-वेस्टबरो पट्ट्यात आपले लोक भरपूर. लेव्हाय पीझ स्वतः श्रूसबरीत टॅव्हर्न चालवायचा आणि इथल्याच दफनभूमीत आहे, हे किती जणांना माहीत असेल? असो. आमच्या शेजारच्या गावात जुन्या पोस्ट रोडवर एक मोठं दुमजली घर आहे, मधोमध जाडजूड विटांची चिमणी. म्हातारे सांगतात की स्टेजकोच तिथे थांबायची. ते घर एका बिल्डरने घेतलंय आणि पाडायचा अर्ज आलाय. मी तिथला मतदार नाही, इतिहासाचा अभ्यासकही नाही. मी काही करू शकतो का?

समितीतली_काकू

करू शकता. पहिलं, राज्याच्या ऐतिहासिक आयोगाच्या 'मॅक्रिस' या संकेतस्थळावर पत्ता टाकून बघा. घराचा सर्व्हे झाला असेल तर फॉर्म आणि फोटो तिथेच मिळतील. दुसरं, टॅव्हर्नचे परवाने काउंटीच्या कोर्टाकडून मिळायचे, त्यामुळे जुन्या मालकाचं नाव कळलं की त्या नोंदींत शोधता येतं. मालकांची साखळी खरेदीखतांच्या कार्यालयात. 'म्हातारे सांगतात' यावर समिती विलंब लावत नाही, परवान्याची एक नोंद दाखवलीत तर चित्र बदलतं.

तिसरं, सुनावणी सार्वजनिक असते, बाहेरगावच्या माणसालाही बहुतेक वेळा बोलू देतात. बोलताना भावनिक भाषण नको. घराचं पुढे काय करता येईल ते बोला. उत्पन्न देणाऱ्या नोंदणीकृत इमारतीच्या रीतसर जीर्णोद्धाराला केंद्राची वीस टक्के करसवलत मिळते. बिल्डरला इतिहासापेक्षा तो आकडा लवकर समजतो.

वेस्टनकर

भर घालतो. तुळयांचं वय काढायची सोय आहे. बारीक गिरमिटाने ओकच्या तुळईतून पेन्सिलीएवढा नमुना काढतात आणि वर्षावळ्या (लाकडात दरवर्षी पडणारी कडी) जुळवतात. मालकाची परवानगी लागते, पण घर पाडणारच असेल तर तो सहसा नाही म्हणत नाही.

श्रूसबरीचा_शेजारी

मॅक्रिसवर सापडलं! फॉर्म आहे, एका कृष्णधवल फोटोसकट. 'मूळ वापर' या रकान्यात टॅव्हर्न आणि पुढे प्रश्नचिन्ह. फोटोत बाजूला लांबलचक कोठार दिसतंय, ते आता नाही. घोड्यांचंच असणार. खरेदीखतं बघायला वूस्टरला जातोय. सुनावणी पुढच्या महिन्यात संध्याकाळी सातला आहे, माझ्या गाडीत तिघांची जागा आहे. तात्या, येताय का? तुम्ही बोललात तर बिल्डर घाबरेल.

खडूस_तात्या

येतो. पण ते प्रश्नचिन्ह खोडलं जात नाही तोवर मी त्याला टॅव्हर्न म्हणणार नाही. खरेदीखतांना तुमच्याबरोबरच येतो, जुनं हस्ताक्षर मला वाचता येतं.